कुणी अर्ज केला नव्हता, तरी आदेश कसा झाला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. गोरेगावातल्या तुमच्या गृहनिर्माण संस्थेवर शेजारच्या संस्थेने दावा केला आहे. दोन इमारतींमधली गल्ली कुणाची आणि कंपाउंडची भिंत कुणाच्या हद्दीत, हा वाद. दावा दिंडोशीच्या सिटी सिव्हिल कोर्टात आहे, वादीचा पुरावा संपला आहे आणि तुमचा सुरू व्हायचा आहे. (वाद जागेच्या मालकीचा आणि हद्दीचा आहे म्हणून हे दिवाणी कोर्टात आले. संस्था आणि तिचा सभासद यांच्यात संस्थेच्या कारभाराबद्दल तंटा असता तर बहुधा सहकार न्यायालयात जावे लागले असते.)

मागच्या तारखेला तुमच्या वकिलांनी मुदत मागितली. न्यायाधीशांनी मुदत दिली, पण तीन हजार रुपये खर्च बसवून. शिवाय जागेची पाहणी व मोजणी करण्यासाठी कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाच्या वतीने ते काम करणारा माणूस, नेमला. संस्थेकडचा मूळ मंजूर नकाशा दोन आठवड्यांत हजर करा असे सांगितले. आणि तुमच्या साक्षीदाराचे पुराव्याचे शपथपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत आले नाही तर तुमचा पुरावा बंद समजला जाईल असे लिहिले. यातले काहीही वादीने मागितले नव्हते. संस्थेचे सचिव म्हणून तुम्ही विचारता: न्यायाधीशांना हे आपणहून करता येते का, कोणत्या कलमाखाली, आणि हायकोर्टात जावे का?

आधी उत्तर सांगतो. चारही आदेश अधिकारात बसतात. खर्चाचे पैसे पुढच्या तारखेलाच भरा. पुरावा बंद होण्याची अट गंभीर आहे, पण तुम्हाला वाटते तितकी अखेरची नाही. आणि हायकोर्टात आत्ता जाऊ नका.

आता कारणे. अनेक पक्षकारांची, आणि खरे सांगायचे तर काही वकिलांचीही, अशी समजूत असते की दिवाणी न्यायाधीशाने दोन्ही बाजूंचे ऐकायचे आणि शेवटी निकाल द्यायचा. मधे कुणी अर्ज केला तरच आदेश करायचा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ उघडली की ही समजूत टिकत नाही. कलम ३० पाहा. कागदपत्रे उघड करणे, त्यांची तपासणी, ती हजर करणे, साक्षीदारांना समन्स, एखादी गोष्ट शपथपत्रावर सिद्ध करायला सांगणे, यांबद्दलचे आदेश कोर्ट कोणत्याही वेळी देऊ शकते, आणि ते आपणहून किंवा अर्जावरून, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. ऑर्डर १, नियम १० खाली (संहितेला जोडलेल्या नियमांच्या प्रकरणांना ऑर्डर म्हणतात) एखाद्याला पक्षकार म्हणून जोडायचे किंवा वगळायचे असेल तर अर्ज असो वा नसो, कोर्टाला ते करता येते. ऑर्डर १४, नियम ५ खाली हुकूमनामा (दाव्याचा अंतिम आदेश) होईपर्यंत केव्हाही मुद्दे, म्हणजे ज्या वादप्रश्नांवर निकाल द्यायचा ते, बदलता येतात, नवे काढता येतात, चुकीचे काढलेले खोडता येतात. ऑर्डर १६, नियम १४ खाली दोन्ही बाजूंनी न बोलावलेल्या माणसालाही कोर्ट साक्षीला बोलावू शकते. ऑर्डर १८, नियम १७ खाली तपासून झालेला साक्षीदार पुन्हा उभा करता येतो. आणि साक्षीदाराला किंवा पक्षकाराला हवा तो प्रश्न विचारण्याचा, कागद किंवा वस्तू हजर करायला लावण्याचा न्यायाधीशाचा जुना अधिकार पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम १६५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६८ मध्ये आहे.

ही यादी मुद्दाम लांबवली. न्यायाधीश फार बोलतात, फार विचारतात, अशी कुरकूर मुंबईतल्या कोर्टांच्या व्हरांड्यात रोज ऐकू येते. ज्यांना कायद्याने एवढे अधिकार दिले आहेत ते न्यायाधीश बोर्डावरच्या, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीतल्या, गर्दीमुळे ते फारसे वापरत नाहीत, ही माझ्या मते जास्त मोठी तक्रार आहे.

पण या सगळ्या तरतुदी कशाबद्दल आहेत तेही नीट पाहा. दावा कसा चालेल, कोणत्या क्रमाने, किती वेळात, कोणता कागद कधी समोर येईल, यावर न्यायाधीशाची सत्ता आहे. गल्ली कुणाची, भिंत पाडायची की ठेवायची, यावर तीच सत्ता प्रक्रियेच्या आदेशातून चालवता येत नाही. त्यासाठी पुरावा, युक्तिवाद आणि निकाल लागतो. किंवा तात्पुरत्या मनाई हुकुमासारखा, स्वतःच्या कसोट्या असलेला आदेश. तुमच्या आदेशातली प्रत्येक ओळ या फरकावर घासून पाहायची.

हा फरक सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात सांगितला त्याची हकीगत ऐकण्यासारखी आहे, आणि तुमच्या नकाशाच्या आदेशाशी तिचा थेट संबंध आहे. पदम सेन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर ही निर्णय छापणारी मालिका) १९६१ मध्ये छापलेला निर्णय. गाझियाबादच्या मुन्सफाच्या (खालच्या दिवाणी न्यायाधीशाच्या) कोर्टात पैशाच्या वसुलीचा दावा होता. वादी आपल्या हिशेबाच्या वह्यांत मागाहून खोट्या नोंदी घालील अशी भीती प्रतिवादींनी घातली. कोर्टाने एका वकिलाला कमिशनर नेमून त्या वह्या जप्त करायला पाठवले. वह्या त्याच्या ताब्यात असताना त्यांत फेरफार करू द्यावेत म्हणून त्याला लाच देऊ केली गेली. लाच देणाऱ्यांवर फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. तिथे शिक्षा रद्द झाली. कारण पक्षकाराच्या वह्या अशा जप्त करण्यासाठी कमिशनर नेमण्याचा अधिकारच कोर्टाला नव्हता. मग तो कमिशनर कायद्याच्या अर्थाने लोकसेवकही ठरत नव्हता. कोर्टाचे अंगभूत (कायद्यात न लिहिलेले, मुळातच असलेले) अधिकार प्रक्रियेपुरते आहेत, पक्षकाराच्या मूळ हक्कांवर ते चालत नाहीत. आणि आपले कागद आपल्याजवळ ठेवणे हा पक्षकाराचा हक्क आहे. वह्या हजर करा असा आदेश कोर्ट देऊ शकते. हजर केल्या नाहीत तर प्रतिकूल अनुमान, म्हणजे त्या वह्या त्याच्याच विरोधात जातात असा निष्कर्ष, काढू शकते. पण माणूस पाठवून उचलून आणू शकत नाही.

तुमच्या बाबतीत न्यायाधीशांनी नकाशा हजर करा एवढेच म्हटले आहे. कलम ३० आणि ऑर्डर ११, नियम १४ खाली हे शंभर टक्के बसते. तो नकाशा तुमच्या विरोधात जाईल अशी भीती असेल तर वकिलांशी मोकळेपणाने बोला, पण दडवू नका. दडवलेल्या नकाशावरून न्यायाधीश जे अनुमान काढतील ते नकाशापेक्षा बहुधा वाईट असते. नकाशा खरोखरच तुमच्याकडे नसेल, बिल्डरने दिलाच नसेल, तर तसे शपथपत्र त्याच दोन आठवड्यांत द्या. पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडून प्रमाणित प्रत मागितल्याची पोच त्याला जोडा. मुंबईत ही परिस्थिती इतकी सर्रास आहे की न्यायाधीशांना तिचे नवल वाटणार नाही. गप्प बसलात तर मात्र वाटेल.

आता कमिशनर. कलम ७५ आणि ऑर्डर २६, नियम ९. स्थानिक तपासणी आवश्यक आहे असे कोर्टाला वाटले की ते कमिशनर नेमू शकते; अर्जाची अट नियमात नाही. हद्दीच्या वादात तर मोजणीशिवाय निकाल देणे म्हणजे दोन्हीकडच्या सचिवांच्या शब्दांवर जाणे. हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप या २००८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सीमांकनाच्या वादात कमिशनर नेमायला हवा होता असे म्हटले आहे. पुरावा गोळा करून देण्यासाठी कमिशनर नेमायचा नाही, हा आक्षेप वकील नेहमी घेतात आणि ताबा कुणाचा अशा वादात तो योग्यही असतो. भिंत कोणत्या रेषेवर उभी आहे हा मात्र मोजपट्टीचा प्रश्न आहे. वादीचा पुरावा संपल्यावर कमिशनर नेमला हे जरा उशिरा झाले, मुद्दे काढले तेव्हाच व्हायला हवे होते. उशीर झाला म्हणून आदेश बेकायदा होत नाही.

कमिशनरचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे, हे संस्थेच्या सभेत सभासदांना आधीच सांगून ठेवा. नियम १० प्रमाणे तो पुराव्याचा भाग होतो, आणि कमिशनरला कोर्टात बोलावून अहवालाबद्दल विचारता येते. हरकती लेखी घ्या.

तीन हजारांचा खर्च सोपा विषय आहे, म्हणून थोडक्यात. ऑर्डर १७, नियम १ मध्ये २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एका पक्षकाराला सुनावणीच्या काळात तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायची नाही असे ठरले, आणि तहकुबी देताना खर्च बसवायचा. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत हे कारण चालत नाही, असेही तिथेच लिहिले आहे. फोर्ट, धोबीतलाव आणि दिंडोशी अशी एकाच दिवसात धावपळ करणाऱ्या आम्हा वकिलांना हे वाचून बरे वाटत नाही, पण लिहिले आहे. आदेशात कलम ३५ब चा उल्लेख आहे का, ते मात्र बघा. असेल तर पुढच्या तारखेला खर्च भरणे ही तुमचा बचाव पुढे चालवण्याची पूर्वअट होते. हा खर्च समोरच्याला त्या दिवशीच्या हेलपाट्याची भरपाई म्हणून असतो आणि दावा जिंकलात तरी अंतिम खर्चात तो धरला जात नाही. रक्कम समोरच्या वकिलांना देऊन पावती घ्या, पुरसिस (पैसे दिल्याचे कोर्टाला लेखी निवेदन) दाखल करा, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदवहीत) नोंद झाली का ते पाहा. तत्त्वाचा प्रश्न म्हणून तीन हजारांसाठी भांडणारे पक्षकार मी पाहिले आहेत. त्या भांडणात वकिलांची फी त्याहून जास्त जाते.

आता खरा काळजीचा भाग: अमुक तारखेपर्यंत शपथपत्र आले नाही तर पुरावा बंद.

असे आदेश आमच्याकडे नवीन नाहीत. रोजनाम्यात शेवटची संधी हे शब्द इतक्या वेळा दिसतात की शेवटच्या संधीलाही पुढची तारीख मिळते असा एक विनोद वकिलांत चालतो. त्यावर विसंबून राहू नका. हल्ली जुन्या दाव्यांवर न्यायाधीशांचे बारीक लक्ष असते. पण कायदा काय सांगतो? महंत रामदास विरुद्ध गंगादास हा १९६१ चा निर्णय याच प्रश्नावर आहे. कोर्ट फीची तूट ठरल्या तारखेपर्यंत भरली नाही तर अपील फेटाळले जाईल असा आदेश होता. मुदत संपण्याआधी अपिलकर्त्याने वाढ मागितली, अर्ज सुनावणीला आला तोवर तारीख उलटून गेली, आणि हायकोर्टाने आता आमच्या हातात काही उरले नाही असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. असे कडक भाषेतले आदेश दिरंगाई करणाऱ्याला ताळ्यावर आणण्यासाठी असतात. त्यामुळे नंतर घडलेल्या गोष्टींची दखल घेण्याची कोर्टाची शक्ती संपत नाही. कलम १४८ खाली मुदत संपल्यावरही वाढ देता येते. २००२ पासून या वाढीवर एकूण तीस दिवसांची मर्यादा आली आहे. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निर्णयाने तीही थोडी सैल केली: पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणाने तीस दिवसांत काम झाले नसेल तर कोर्टाचे हात बांधलेले नाहीत.

एक बारकावा इथे फार महत्त्वाचा आहे. त्या तारखेला तुमच्या बाजूने कुणी हजर असेल पण शपथपत्र नसेल, तर ऑर्डर १७, नियम ३ खाली कोर्ट समोर असलेल्या पुराव्यावर लगेच निकाल देऊ शकते. तो गुणवत्तेवरचा निकाल; त्याविरुद्ध अपीलच करावे लागते. कुणीच हजर नसेल तर नियम २ लागतो, कोर्ट ऑर्डर ९ च्या वाटेने एकतर्फी, म्हणजे तुमच्याशिवाय, पुढे जाऊ शकते, आणि तसा हुकूमनामा झाला तर ऑर्डर ९, नियम १३ खाली पुरेसे कारण दाखवून तो रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो. यावरून एखादा चतुर वकील सल्ला देईल की मग त्या दिवशी गैरहजरच राहू या. असा सल्ला ऐकू नका. गैरहजेरीचे कारण पुढे शपथेवर सांगावे लागते. ठरवून गैरहजर राहिलो हे पुरेसे कारण होत नाही, आणि न्यायाधीशांना ते कळायला वेळ लागत नाही.

पुरावा बंद झालाच तर? मग पुरावा पुन्हा उघडण्यासाठी अर्ज. इथे कलम १५१ येते, त्याबद्दल सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तुम्ही विचारलेल्या कोणत्या कलमाखाली या प्रश्नाला वकिलांच्या खोलीत मिळणारे सर्वांत आळशी उत्तर म्हणजे १५१.

कलम १५१ स्वतः कोणताही नवा अधिकार देत नाही. न्याय व्हावा आणि कोर्टाच्या प्रक्रियेचा गैरवापर होऊ नये म्हणून कोर्टाकडे मुळातच असलेले अंगभूत अधिकार या संहितेने कमी झालेले नाहीत, एवढेच ते सांगते. मनोहरलाल चोप्रा विरुद्ध सेठ हिरालाल (एआयआर १९६२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले की ऑर्डर ३९ मध्ये न बसणाऱ्या परिस्थितीतही कोर्ट अंगभूत अधिकाराने मनाई देऊ शकते. पण गंमत बघा: त्याच प्रकरणात, आसनसोलला आधी केलेला दावा चालवू नये म्हणून इंदूरच्या कोर्टाने दिलेली मनाई त्यांनी रद्दच केली. अधिकार आहे, पण तो इथे वापरायचा नव्हता. कलम १५१ बहुतेक वेळा असेच चालते. एकमेकांशी गुंतलेले दोन दावे एकत्र चालवण्याची तरतूद संहितेत नाही. ते अंगभूत अधिकारातून होते. तुमच्या संस्थेने शेजाऱ्यांवर त्याच गल्लीबद्दल उलट दावा टाकला तर हाच मार्ग उपयोगी पडेल. पुरावा पुन्हा उघडणे, साक्षीदार परत बोलावणे हेही के. के. वेलुसामी विरुद्ध एन. पलानीसामी या २०११ च्या निर्णयाप्रमाणे योग्य प्रकरणात १५१ खाली होते. मात्र उलटतपासणीत पडलेली भगदाडे बुजवायला नाही.

आणि जिथे संहितेने वाट आखून दिली आहे तिथे १५१ चालत नाही. अर्जुन सिंग विरुद्ध मोहिंद्र कुमार, १९६४. एकतर्फी सुनावणी संपली, प्रकरण निकालासाठी बंद झाले, आणि मग प्रतिवादी धावत आला. गैरहजेरीचे कारण दाखवून पुन्हा सामील होण्याची, ऑर्डर ९, नियम ७ ची वेळ निघून गेली होती. मग १५१ तरी? नाही, संहितेने या परिस्थितीचा विचार केलेला आहे, हुकूमनामा झाल्यावर नियम १३ आहे, मधल्या पोकळीत अंगभूत अधिकार घुसवता येणार नाही. याच निर्णयातला दुसरा भाग तुमच्या जास्त उपयोगाचा आहे: दावा चालवण्यासाठी दिलेले मधले आदेश परिस्थिती बदलली की बदलता येतात. हक्क ठरवणाऱ्या निकालासारखे ते पक्के होऊन बसत नाहीत. मात्र काहीही बदललेले नसताना तोच अर्ज पुन्हा पुन्हा करणे हा गैरवापर ठरतो.

म्हणून हायकोर्टाचा विचार करण्याआधी त्याच न्यायाधीशांकडे जायचे. साधा, दोन पानी अर्ज, सोबत शपथपत्र: शपथपत्र वेळेत का होत नाही, साक्षीदार कोण, आजारी असेल तर कागद, आणि नेमके किती दिवस हवेत. मुदत संपण्यापूर्वी द्या. मुदतीनंतर दिलेला अर्जही चालतो, पण तिथे माफी मागावी लागते आणि इथे फक्त विनंती करावी लागते.

हायकोर्टाबद्दल. ऑर्डर ४३ मध्ये अपील करण्याजोग्या आदेशांची यादी आहे. मनाई हुकूम, रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस), एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यास नकार, असे काही. तुमचा आदेश त्यात नाही. कलम ११५ ची पुनरीक्षणाची (रिव्हिजनची) वाट २००२ पासून अरुंद झाली आहे: आदेश तुमच्या बाजूने झाला असता तर दावाच संपला असता, अशा आदेशालाच ती लागू. कमिशनर नेमला नसता म्हणून दावा संपला नसता. उरते संविधानाचे कलम २२७, हायकोर्टाची देखरेख. दिवाणी कोर्टाच्या न्यायिक आदेशांना कलम २२६ खाली आव्हान देता येत नाही, २२७ खालीच यायचे, हे राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या २०१५ च्या निर्णयाने पक्के केले. कलम २२७ खाली हायकोर्ट चूक दुरुस्त करत बसत नाही. अधिकार ओलांडला का, उघड अन्याय झाला का, एवढेच पाहते. तारखा ठरवणे आणि कमिशनर नेमणे यांवर दाद मिळण्याची शक्यता फारच थोडी. आणि कलम १०५ प्रमाणे निकालावर परिणाम करणारी मधल्या आदेशातली चूक अंतिम अपिलात मांडता येते, ती वाट आपोआप बंद होत नाही. त्यासाठी तुमची हरकत रोजनाम्यात किंवा लेखी अर्जात नोंदलेली असली म्हणजे झाले.

कुणी सांगेल की हायकोर्टातून स्थगिती आणू, निदान सहा महिने शांतता. २०१८ च्या एशियन रिसर्फेसिंग निर्णयाने स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते रद्द केले. म्हणजे स्थगिती आता लांबू शकते. पण तुम्ही प्रतिवादी आहात, गल्लीचा प्रश्न लोंबकळत राहिला तर पाण्याचा टँकर आणि अग्निशमन दलाची गाडी कुठून येणार, याचा विचार तुमच्याच सभासदांना करायचा आहे.

इथे मुंबईपुरती एक सूचना. आपल्या शहरात एकाच प्रकारच्या दाव्याला कोर्टाप्रमाणे वेगळे नियम लागतात, त्यामुळे ओळखीच्यांचे अनुभव जसेच्या तसे आपल्याला लावू नका. हायकोर्टाच्या मूळ शाखेला (जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) स्वतःचे नियम आहेत. कलम १२९ तशी मुभा देते. कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल करण्याची ऑर्डर ८, नियम १ मधली नव्वद दिवसांची मर्यादा मूळ शाखेच्या नियमांपुढे चालत नाही, असे इरिडियम विरुद्ध मोटोरोला या २००५ च्या निर्णयात ठरले. त्याच वर्षी कैलाश विरुद्ध नन्हकू मध्ये इतर कोर्टांसाठीही ही मर्यादा बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे असे ठरले. व्यापारी दावा असेल तर सगळे उलटे: १२० दिवस झाले की कैफियतीचा हक्क संपतो, न्यायाधीशाला दया दाखवायची सोय नाही. व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्याने ऑर्डर १५अ आणला. त्यात प्रकरण व्यवस्थापनाची सुनावणी घेऊन न्यायाधीश सगळ्या तारखा आधीच आखतो, आणि पहिल्या अशा सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवायचा असतो. तुमचा दावा व्यापारी नाही, त्यामुळे १५अ तुम्हाला लागू नाही. पण ज्यांनी ते कामकाज पाहिले आहे त्या न्यायाधीशांची सवय साध्या दाव्यांतही उतरते, आणि २०२४ मध्ये सिटी सिव्हिल कोर्टाची मर्यादा एक कोटीवरून दहा कोटींवर गेल्यापासून त्यांच्या बोर्डाचे वजनही वाढले आहे. तुमच्या आदेशातल्या त्या तारखांमागे मला तरी एवढेच दिसते.

महाराष्ट्राने उलट टोकही पाहिले आहे. संहितेत आपल्या राज्यापुरते कलम ९अ होते: मनाईच्या सुनावणीत कुणी अधिकारक्षेत्राची हरकत घेतली की न्यायाधीशाने आधी तोच मुद्दा ठरवायचा, हवे तर पुरावा घेऊन. न्यायाधीशाला निवडच नव्हती. हेतू चांगला होता. परिणाम असा की एका हरकतीवर दावे वर्षानुवर्षे अडकून पडत, आणि अंतरिम संरक्षण तोवर चालूच. २०१८ मध्ये ते कलम काढून टाकले. कोणता मुद्दा कधी घ्यायचा हे न्यायाधीशावर सोपवलेले बरे, हे मी त्या काळातल्या कामकाजावरून म्हणतो.

मग न्यायाधीश मर्यादा कधी ओलांडतात? कमिशनरला भिंत पाडायला सांगितले असते तर. मोजणी होईपर्यंत गल्लीचा ताबा वादीला द्या, असे कुणाच्या अर्जाशिवाय आणि तुमचे न ऐकता म्हटले असते तर. दोन्ही संस्थांनी तडजोड केलीच पाहिजे असे बंधन घातले असते तर. कलम ८९ खाली मध्यस्थीकडे पाठवता येते, सही करायला लावता येत नाही. किंवा कारण न देता, तुमच्या वकिलांना बोलू न देता तुमची कैफियतच रद्द केली असती तर. अशा आदेशावर त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकून २२७ ची तयारी करा असे मी स्वतः सांगितले असते. हेही लक्षात घ्या की न्यायाधीश सुनावणीत तोंडी जे बोलतात तो आदेश नव्हे. तुमच्या पत्रात न्यायाधीश म्हणाले अशी तीन वाक्ये आहेत, त्यांतले एकही रोजनाम्यात नसेल तर त्याच्यावर काहीच करण्यासारखे नाही.

तर या आठवड्यातली कामे. ई-कोर्टवरचा दैनंदिन नोंदीचा मजकूर आणि सहीचा आदेश दोन्ही उतरवून घ्या. कधी कधी नोंदीत एक असते आणि आदेशात दुसरे. साक्षीदार कोण हे व्यवस्थापक समितीने ठराव करून नक्की करा, कारण ठरावाशिवाय आलेल्या सचिवाच्या अधिकारावरच उलटतपासणीत पहिला अर्धा तास जातो. कमिशनरची फी कोणी भरायची हे आदेशात नसेल तर स्पष्टीकरणाचा अर्ज द्या. पाहणीच्या दिवसाआधी कमिशनरला मुद्द्यांची लेखी यादी पाठवा, प्रत वादीच्या वकिलांना: मालमत्ता पत्रकातले क्षेत्र, भिंतीची दोन्ही टोके, जुना फाटक कुठे होता, ड्रेनेजची चेंबरे कोणत्या बाजूला आहेत. पाहणीला संस्थेकडून दोघेच जा, एक बोलणारा आणि एक टिपणे घेणारा. गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवू नका, बरोबर घ्या.